झाड नकाशावर हवे, पंचनाम्यात नको

सकाळी दूध आणण्यासाठी बाहेर पडलेल्या माणसाला गल्लीच्या कोपऱ्यावरील कडुनिंबाच्या बुंध्यावर एखादे दिवशी कागद चिकटवलेला दिसतो. अमुक जागेवरील अमुक जातीचे झाड तोडण्यासाठी अर्ज आला आहे, कोणास हरकत असल्यास ती मुदतीत कळवावी, असा त्यावरील मजकूर असतो. बहुतेक लोक तो न वाचताच पुढे जातात. काही दिवसांनी झाड जाते, उन्हाची तिरीप थेट ओसरीवर येते, आणि मग सारी गल्ली विचारू लागते की हे कोणाच्या परवानगीने झाले? त्या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदावर होते. पण तोवर तो कागद लाकडाबरोबर गाडीतून निघून गेलेला असतो.

शासनाचे फार थोडे निर्णय इतक्या उघडपणे नागरिकाच्या दारापर्यंत येऊन त्याचे मत विचारतात. तरीही झाडाच्या बाबतीत नागरिकाचे मत बहुधा झाड पडल्यानंतरच व्यक्त होते. याचा सारा दोष नागरिकांच्या उदासीनतेवर टाकणे सोपे आहे. परंतु ते अर्धसत्य ठरेल. उरलेले अर्धे सत्य आपल्या नगररचनेच्या कारभारात दडलेले आहे, आणि ज्या गावांचे आता कुठे नगर होऊ लागले आहे, त्यांनी ते वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.

संक्रमणातील गाव

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाताना लागणारे फुलंब्री हे असेच एक गाव आहे. तालुक्याचे ठिकाण म्हणून तेथे कचेऱ्या आल्या, शाळा-महाविद्यालये आली, बाजारपेठ वाढली आणि ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपंचायतीची जी व्याख्या केली आहे, ती मोठी अर्थपूर्ण आहे. ग्रामीण स्वरूपाकडून नागरी स्वरूपाकडे संक्रमण करणारे क्षेत्र, अशी ती व्याख्या होय. अशा गावात शेतजमीन अकृषिक होते, तिचे भूखंड पडतात, बांधाच्या जागी रस्ता येतो आणि बांधावरचे झाड एकाएकी रस्त्याच्या मध्यभागी किंवा भूखंडाच्या सीमारेषेवर उभे असल्याचे आढळते. झाड आपल्या जागीच असते, भोवतालच्या जमिनीचा अर्थ मात्र बदललेला असतो.

गावगाड्यात झाडाला रूढीचे संरक्षण होते. पिंपळाला पार असे, वडाला सूत गुंडाळले जाई, चिंचेच्या फळांवर कोणाचा हक्क आहे हे सर्वांना ठाऊक असे. नव्या वसाहतीत ही रूढी पोचत नाही. तेथे चौरस फुटाचा हिशेब असतो आणि त्या हिशेबात झाडाने व्यापलेली जागा वाया गेलेली जागा समजली जाते. रूढीचे संरक्षण सुटले आणि कायद्याचे अजून अंगवळणी पडले नाही, अशा मधल्या काळात सर्वांत अधिक झाडे जातात. संभाजीनगर ते अजिंठा या मार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे कशी गेली, हे फुलंब्रीकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. राजमार्गाचा निर्णय वरच्या पातळीवर होतो. परंतु गल्लीतील रस्त्याचा निर्णय गावातच होतो, म्हणून त्याची जबाबदारीही गावावरच येते.

कायदा आहे, पण केव्हा?

वृक्षतोडीला परवानगी लागते ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवताना आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडू नयेत अशी ताकीद आहे. ही झाडे रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात, हे त्यामागचे कारण. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून आणि द्रव्य देऊन तोडावे, अशी सवलतही तेथे आहे. मालकाची संमती, झाडाची अवस्था आणि नुकसानभरपाई या आजच्या परवानगीच्या तिन्ही अटी अठराव्या शतकाच्या आरंभी मांडल्या गेल्या होत्या.

आधुनिक काळात राज्याने दोन कायदे केले. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा मुख्यतः लाकूड व फळे देणाऱ्या ठराविक जातींना लागू झाला. त्याच्या मूळ यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत; सावलीसाठी लावले जाणारे वड, पिंपळ व कडुनिंब नाहीत. नागरी क्षेत्रांसाठी १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याने जातीचा भेद न करता शहरातील झाडांना संरक्षण दिले, वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी निर्माण केले, वृक्षगणना बंधनकारक केली. झाड तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड चालवणे नव्हे, तर जाळणे वा अन्य रीतीने त्याला इजा करणे हेही त्यात येते, असे त्याने स्पष्ट केले. अर्ज आल्यावर अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी करावी, वृत्तपत्रातून व झाडावर सूचना लावून लोकांना कळवावे, ही पद्धत याच कायद्याची. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडास वारसा वृक्ष हा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली.

कायद्याचा हा आराखडा दुबळा नाही. त्याचे दुबळेपण आहे ते त्याच्या वेळेत. घर, संकुल वा रस्ता बांधायचा म्हणजे प्रथम नकाशा तयार होतो. तो नगररचनेच्या टेबलावर जातो; सामासिक अंतरे, चटईक्षेत्र, वाहनतळ, जिना या साऱ्यांची छाननी होते आणि नकाशा मंजूर होतो. त्यानंतर पाया खणताना झाड आडवे येते. मग दुसऱ्या टेबलावर दुसरा अर्ज जातो, की मंजूर बांधकामास अडथळा होत असल्याने झाड तोडण्यास परवानगी मिळावी. या वेळी वृक्ष अधिकाऱ्यापुढे खरा निर्णय उरलेलाच नसतो. जमिनीवर कर्ज काढलेले असते, ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिलेली असते, आणि त्याच कार्यालयाने मंजूर केलेल्या नकाशाविरुद्ध त्याच कार्यालयातील दुसऱ्या अधिकाऱ्याने उभे राहावे अशी अपेक्षा असते. झाडावर लागलेली सूचना नागरिकाला विचारत असते ते मुळात ठरून गेलेल्या गोष्टीविषयी.

हाच अर्ज नकाशाबरोबर आला, तर चित्र पालटते. वास्तुविशारदाला फाटक चार फूट सरकवता येते, जिना दुसऱ्या बाजूला घेता येतो, गटाराची रेषा वळवता येते. कागदावरची रेषा वळवायला खर्च येत नाही. खणलेला पाया वळवायला येतो. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात भोसे येथील जुना, विस्तीर्ण वटवृक्ष महामार्गाच्या आड आला, तेव्हा लोकांनी आवाज उठवल्यावर महामार्गाची आखणी बदलण्यात आली. महामार्ग जेथे वळू शकतो, तेथे वसाहतीतील नऊ मीटरचा रस्ता वळूच शकत नाही असे म्हणणे पटण्यासारखे नाही.

अंधारातील कुऱ्हाड

निर्णय आधी आणि विचारणा नंतर, या क्रमाने गेल्यास काय घडते याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. इंग्लंडमधील शेफिल्ड शहराने २०१२ मध्ये रस्तेदुरुस्तीचा पंचवीस वर्षांचा करार एका खाजगी कंपनीशी केला. शहरातील सुमारे छत्तीस हजार रस्त्याकडेच्या झाडांपैकी साडेसतरा हजार झाडे बदलण्याची तरतूद त्यात होती. नागरिकांना हा आकडा उशिरा कळला. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका निवासी रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास रहिवाशांना उठवून गाड्या हलवण्यास सांगण्यात आले आणि झाडे तोडण्यात आली. विरोध करणाऱ्यांना अटक झाली. २०१८ मध्ये लोकक्षोभामुळे हे काम थांबवावे लागले, तोवर हजारो झाडे गेली होती. २०२३ मध्ये चौकशीचा अहवाल आल्यावर नगरपालिकेला माफी मागावी लागली.

दुसरे उदाहरण मुंबईतील आरे वसाहतीचे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे पडलेली होती. मेट्रो हवी की नको, हा येथे मुद्दा नाही. ज्या निर्णयाची अंमलबजावणी अंधारात करावी लागते, त्या निर्णयावर लोकांचा विश्वास बसत नाही, हा मुद्दा आहे. परवानगीनंतर काही दिवस थांबण्याची तरतूद कायद्यात केली गेली ती याचसाठी. तोडलेल्या झाडाला न्यायालय स्थगिती देऊ शकत नाही.

घरमालकाचीही बाजू

येथे दुसरी बाजूही निष्पक्षपणे पाहिली पाहिजे. प्रत्येक अर्जदार हा वृक्षद्रोही असतो असे नाही. वळवाच्या पावसात गुलमोहराची ठिसूळ फांदी कोसळून छपराचे पत्रे फुटतात. पिंपळाची मुळे भिंतीत शिरतात. ज्याने आयुष्यभराच्या बचतीतून दोन खोल्या बांधल्या, त्या कारकुनाला भिंतीची भेग दिसते, प्राणवायूचे आकडे दिसत नाहीत. वाळलेले, रोगट वा जीवितास धोकादायक झाड काढण्याची मुभा कायद्यानेही दिली आहे, आणि ती रास्तच आहे.

परंतु यांपैकी पुष्कळशी झाडे धोकादायक जन्मत नाहीत, ती धोकादायक केली जातात. झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत, आडवी पसरलेली असतात. बुंध्याला टेकून सिमेंटचा रस्ता वा फरसबंदी केली की त्या मुळांना पाणीही मिळत नाही आणि हवाही नाही. नळासाठी, केबलसाठी, गटारासाठी चर खणताना एका बाजूची मुळे तोडली जातात. पुढे वीजवाहिन्यांखालची छाटणी येते. तीत फांद्या एकाच अंगाने उतरवल्या की झाडाचा तोल जातो. अर्धवट तोडलेल्या फांदीचे खुंट कुजतात व कूज खोडात उतरते. काही वर्षांनी वादळात झाड पडते आणि पंचनाम्यात कारण लिहिले जाते, ‘नैसर्गिक आपत्ती’. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो हे ओळखूनच. नव्याने रस्ते करणाऱ्या गावाला काँक्रीट फोडण्याचा खर्च करण्याचीही आवश्यकता नाही. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी सोडली की पुरे.

रोपाने झाड भरून निघते काय?

एका झाडाऐवजी दहा लावू, हे आश्वासन अशा वेळी हमखास दिले जाते. मराठवाड्यात ते तपासून घेतले पाहिजे. जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे रोपाच्या वाट्याला पाणी कोठून येणार? पावसाळ्यात मंत्र्यांच्या हस्ते लावलेले रोप मार्चमध्ये कोणाच्या हस्ते जगते, याची नोंद कोणी ठेवत नाही. शिवाय तोड एका गल्लीत होते आणि लागवड गावाबाहेरच्या टेकडीवर. शाळेला जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावरची सावली टेकडीवरच्या रोपाने परत येत नाही.

झाडाची किंमत लाकडाच्या वजनावर ठरवण्याची सवयही आता सोडली पाहिजे. पश्चिम बंगालमधील जेसोर रस्त्यावरील ३५६ झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मूल्य दर वर्षाला ७४,५०० रुपये धरून त्यास वयाने गुणावे असे सुचवले. मार्च २०२५ मध्ये ताजमहाल परिसराच्या संरक्षित पट्ट्यात विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांचा दंड कायम केला. या रकमांवर मतभेद होऊ शकतील. तरी जुने झाड ही सार्वजनिक मालमत्ता असून ते रस्ता, विहीर वा शाळेच्या इमारतीइतकेच गावाच्या हिशेबात धरले पाहिजे, हे तत्त्व त्यांतून प्रस्थापित होते.

फुलंब्रीसारख्या गावापुढे म्हणूनच एक संधी आहे. मोठ्या शहरांना आपल्या चुका निस्तराव्या लागत आहेत; लहान नगराला त्या टाळता येतील. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. भूखंड पाडण्यापूर्वी त्या जमिनीवरील प्रत्येक झाडाची जात, घेर व जागा नकाशावर दाखवलेली असावी. त्यावाचून नकाशा दाखल करून घेऊ नये. नगररचना व वृक्ष या दोन्ही खात्यांनी जागेची पाहणी एकत्र करावी. वृक्षगणनेची नोंदवही कोणासही पाहता यावी. यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

नोंदवहीच्या या कामात शाळा-महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. सुतळीने खोडाचा घेर मोजणे, पानावरून जात ओळखणे आणि वहीत लिहिणे हे काम नववीतील विद्यार्थीही करू शकतो. वडासारख्या झाडाचे वय खोडातील वर्तुळांवरून नीट सांगता येत नाही. तेथे गावातील वृद्धांच्या आठवणी व जुनी छायाचित्रे यांचाच आधार घ्यावा लागतो. पन्नास वर्षांचा पुरावा गोळा करणारा विद्यार्थी आपल्या गावाचा इतिहासच लिहीत असतो. शिक्षकाने हे काम हाती घ्यावे, कचेरीतील लिपिकाने झाडाचा रकाना रिकामा असलेला अर्ज परत करावा, आणि रहिवाशाने बुंध्यावरचा कागद थांबून वाचावा. झाडाची नोंद नकाशावर वेळेवर झाली, तर पंचनाम्यात ती करण्याची पाळी क्वचितच येईल.