विजेवरची वाट (भाग 7) : शेवटच्या चार्जरपलीकडचे सूर्यमाळ

मागच्या आठवड्यात आपण समृद्धी महामार्गाचा हिशेब मांडला. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासून आमण्यापर्यंत 701 किलोमीटरची सलग वाट तयार झाली. अशा रस्त्यावर विजेच्या गाडीचे नियोजन म्हणजे कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि त्या वेळात चहा घ्यायचा की जेवण उरकायचे, एवढेच. एखादे मशीन बंद निघाले तरी पुढचे गाठता येते. आजचा रस्ता वेगळ्या जातीचा आहे. आज जायचे आहे मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळला, आणि या वाटेवर चार्जर आपल्या पाठीमागे राहतात.

सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्यातले सर्वात उंच गिरिस्थान म्हणून ओळखले जाते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, त्याआधी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई-ठाण्याकडून इथे यायला दोन मुख्य वाटा. एक अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत, तिथून विक्रमगड, जव्हार, मोखाडा. दुसरी नाशिक महामार्गाने कसाऱ्यापर्यंत, तिथून डावीकडच्या फाट्याने विहिगाव, मग वैतरणेचे खोरे ओलांडून खोडाळा आणि पुढे सूर्यमाळ. जव्हारचा राजवाडा आणि दाभोसा धबधबा पाहायचा असेल तर पहिली वाट घ्या. पण विजेच्या गाडीने पहिल्यांदाच या भागात येणाऱ्याला मी दुसरी सुचवेन. तिच्यात महामार्ग सोडल्यानंतरचे अंतर कमी आहे, आणि या प्रवासात खरे मोजायचे असते ते तेच अंतर.

नकाशा उघडून चार्जरचे ठिपके मोजायची सवय आपल्याला महामार्गांनी लावली आहे. डोंगरी तालुक्यात ती सोडावी लागते. इथे एकच ठिपका महत्त्वाचा, तो म्हणजे आपल्या भरवशाचा शेवटचा चार्जर. तिथून निघाल्यापासून पुन्हा कुठल्याही भरवशाच्या चार्जरला गाडी लागेपर्यंत जो काही प्रवास होईल, तो सगळा एकाच भरणीत बसला पाहिजे. जाणे, तिथले फिरणे, उतरणे, वाट चुकणे, सगळे त्यात आले. बसत नसेल तर रात्रीच्या मुक्कामी वीज मिळते का ते आधी पक्के करायचे. वाटेत अचानक एखादा चार्जर दिसला तर आनंद आहे, पण त्याला हिशेबात धरायचे नाही.

आता आकडे घेऊ. ठाण्याहून कसारामार्गे सूर्यमाळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते. मध्यम आकाराची विजेची गाडी ताशी 70-80 च्या वेगाने सपाटीवर एका युनिटला सात किलोमीटर जाते असे धरले, तर अंतरासाठी 18 युनिटे लागतील. चढाचा खर्च वेगळा. चार माणसे आणि सामानासह गाडीचे वजन 1700 किलो आणि एकूण चढ हिशेबापुरता 600 मीटर धरला, तर एवढे वजन एवढ्या उंचीवर न्यायला पावणेतीन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. मोटर आणि बाकीच्या यंत्रणेतली गळती धरून सव्वातीन म्हणू. घाटाची भीती पुष्कळांना असते, पण उंचीचा निव्वळ खर्च एवढाच आहे, सपाटीवरच्या वीस-बावीस किलोमीटरांइतका. उतरताना मोटर उलटी चालून त्यातली दोनेक युनिटे बॅटरीत परत येतात. घाटात वेग कमी असल्याने वाऱ्याचा विरोधही कमी. खरी वीज खाल्ली जाते ती भिवंडी वळणरस्त्यापासून शहापूरपर्यंतच्या मोकळ्या महामार्गावर, काटा शंभराकडे गेला की. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 80 ऐवजी 100 ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो.

एकूण जाण्याचा खर्च 21 युनिटे. जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन इव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती आणि कागदावरचा पल्ला 312 किलोमीटर. सव्वाशे किलोमीटर जाऊन-येऊन अडीचशे, म्हणजे कागदावर ती गाडी सूर्यमाळ करून घरी यायला हवी. प्रत्यक्षात ती वर पोचेल तेव्हा नऊ युनिटे उरलेली असतील आणि परतीला सोळा लागतील. नंतरच्या 40.5 युनिटांच्या बॅटरीत परतीपुरते उरते खरे, पण खोडाळ्याजवळच्या देवबांधच्या गणपतीला जाऊन आलात आणि मोखाड्याच्या बाजारात चक्कर मारलीत की ते उरलेलेही काठावर येते. कागदी पल्ला प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. डोंगराकडे निघताना त्याचे दोन तृतीयांशच आपले, हा साधा आडाखा मी पाळतो आणि तो उपयोगी पडतो.

म्हणून महामार्ग सोडण्याआधी गाडी लावायचीच. शहापूर ते इगतपुरी या पट्ट्यात हॉटेलांच्या आवारात डीसी चार्जर आहेत. एरवी मी 80 टक्क्यांवर गन काढा म्हणतो, कारण त्यापुढे बॅटरी वीज हळूहळू घेते आणि मागे रांग असते. या वाटेवर मात्र 90 पर्यंत थांबा, तो वेळ वर कारणी लागतो. निघण्याआधी हॉटेलात फोन करा आणि मशीन आज चालू आहे का, गन एक आहे की दोन, असे सरळ विचारा. ॲपवर हिरवे दिसणारे मशीन जागेवर बंद असू शकते, आणि ते मॅनेजरपेक्षा रखवालदाराला जास्त ठाऊक असते. ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरून ठेवा. डोंगरात रेंज जाते-येते, आणि ओटीपीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आता मुक्कामाची वीज. सूर्यमाळ-खोडाळ्याकडे घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांशी बोलताना 'चार्जिंग आहे का?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर महामार्गावरचे मोठे मशीन उभे राहते. विचारायचे ते असे: गाडी लावायच्या जागेजवळ पंधरा अँपिअरचा प्लग आहे का? गिझरचा प्लग असेल तर उत्तम, कारण त्याला बहुधा जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी असते. रात्री लाइट किती वेळ जाते? अर्थिंग केलेले आहे का? इन्व्हर्टर आहे असे ते सांगतील, पण गाडीसाठी त्याचा उपयोग नाही. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर 10 अँपिअरवर चालवला तर 230 व्होल्टला 2.3 किलोवॅट ओढतो, म्हणजे तीन एचपीच्या पंपाएवढा भार. रात्री आठ ते सकाळी सहा अशी दहा तास अखंड वीज मिळाली आणि दहा टक्के गळती धरली, तर वीसेक युनिटे बॅटरीत पडतात. परतीचा प्रश्न तिथेच सुटला.

फक्त मोखाड्यात 230 व्होल्ट धरून चालत नाही. डीपीपासून लांब, लाइनच्या शेपटाला असलेल्या घरात संध्याकाळी 180 सुद्धा दिसतात. तेवढ्याच अँपिअरला मग ताशी 1.8 युनिटे, आणि दहा तासांत 16 हाती लागतात. त्यात पावसाळी रात्री चार तास लाइट गेली तर दहा. म्हणून या भागात मुक्कामाला पोचताच गाडी लावावी, जेवण-गप्पा झाल्यावर बघू म्हणू नये. मात्र घरातला गिझर किंवा पाण्याची मोटर चालू असेल तेवढा वेळ गाडी बंद ठेवावी, नाहीतर यजमानाची एमसीबी पडते. एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच वापरू नये. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच काढावा. बऱ्याच गाड्यांत अँपिअर कमी करायची सोय असते. जुन्या वायरिंगच्या घरात आठ अँपिअरवर रात्रभर शांतपणे भरणे दहा अँपिअरवर प्लग जाळण्यापेक्षा शहाणपणाचे.

अर्थिंगबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण डोंगरात गाडी भरत नाही याचे सर्वात मोठे कारण तेच असते. पोर्टेबल चार्जरची डबी आधी अर्थिंग तपासते आणि ते नीट नसेल तर तांबडा दिवा दाखवून वीज सोडतच नाही. माणसाला धक्का बसू नये म्हणून ती तशी बनवलेली आहे, आणि तिला फसवायचे जुगाड कुणी सुचवले तर ऐकू नये. खोडाळ्याच्या बाजूला एका एप्रिलमध्ये मुक्कामाच्या घरी असाच तांबडा दिवा लागला. प्लगमध्ये टेस्टर नीट पेटत होता, घरातले पंखे चालू होते. घरधनी बाहेर आले, डबीकडे बघितले आणि म्हणाले, "लाइन बरोबर आहे दादा. खड्डा सुकलाय." पडवीच्या कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा भरलेला, मधून लोखंडी पाइप वर आलेला. त्यांनी भांडी विसळलेले पाणी दोन बादल्या त्यात हळूहळू ओतले, माती फसफसली, पाणी मुरले. डबी काढून पुन्हा लावली तेव्हा दिवा हिरवा होता.

यामागचे शास्त्र सोपे आहे. अर्थिंगची पट्टी जमिनीत वीज सोडते ती ओलाव्याच्या आणि क्षारांच्या आधाराने. या पठारावर वर मुरूम आणि खाली काळा कातळ. पावसाळ्यात खड्डा ओला राहतो, पण मार्चनंतर कोरडा पडतो आणि जमिनीचा विरोध कित्येक पटींनी वाढतो. उपाय म्हणून खड्ड्याला पाणी घाला असे कुठलाही वायरमन सांगेल. पण याच तालुक्याच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण इथेच आहे, वैतरणेच्या पाण्यावर महानिर्मितीचा 60 मेगावॅटचा जलविद्युत संच चालतो, आणि तरी घरातल्या बाईला हंडा घेऊन चालावे लागते. अशा घरी आपल्या गाडीसाठी पिण्याचे पाणी खड्ड्यात जाता कामा नये. वापरलेलेच पाणी घ्या, आणि उन्हाळ्यात येणार असाल तर गाडीत वीस लिटरचा एक कॅन घरून भरून आणा.

पैशांचेही स्पष्ट बोलावे. दहा तासांत यजमानाच्या मीटरवर वीसेक युनिटे चढतात. महामार्गावरच्या डीसी चार्जरला आपण युनिटमागे वीस रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त देतो, तर इथेही तोच दर आपणहून द्यावा. यात बेकायदेशीर काही नाही. गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीज विकणे नव्हे, आणि त्यासाठी परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केले आहे. हे नियमितपणे करायचे ठरले तर महावितरणकडे इव्ही चार्जिंगच्या जोडणीची वेगळी वर्गवारी आहे.

सरकारी धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय हे उद्दिष्ट आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते होते, राज्याच्या 2025 च्या धोरणातही आहे. महामार्गासाठी ते योग्यच. पण तोच साचा सूर्यमाळवर ठेवला तर काय होते पाहा. खेड्यात साधारण 63 किंवा 100 केव्हीएची डीपी असते. तिच्यावर 60 किलोवॅटचे एक मशीन बसवले की जवळपास गावाएवढा भार एका गाडीने घेतला. त्यासाठी नवी डीपी, नवी लाइन, आणि शनिवार-रविवार सोडले तर मशीनला गिऱ्हाईक नाही. त्या पैशात मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ, जव्हार इथल्या मुक्कामाच्या घरांत आणि खानावळींत नीट अर्थिंग केलेले, स्वतंत्र एमसीबी आणि सबमीटर असलेले पंधरा अँपिअरचे कितीतरी प्लग बसतील. मुक्कामाला आलेल्या माणसाला रात्रभराचा वेळ असतोच, वेगवान मशीनची त्याला गरज नाही. शिवाय चांगल्या अर्थिंगने त्या घरातल्या फ्रिजपासून पाण्याच्या मोटरपर्यंत सगळेच सुरक्षित होते. पर्यटनाच्या योजनांतून या घरांना मदत मिळते तिथे ही एक बाब जोडावी, असे मला फार मनापासून वाटते.

परतीचे दोन मुद्दे उरतात. एक, वरून निघताना बॅटरी शंभर टक्के भरू नका, 90 वर थांबा. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज घ्यायला जागा नसते, गाडी मोटरने आवरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन, कसाऱ्याकडे उतरण्याऐवजी मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जाता आले तर तो विचार करा. तोरंगणचा घाट चढावा लागतो, पण नाशिकला चार्जर पुष्कळ आहेत, एक बंद तर दुसरा मिळतो. पावसाळ्यात मात्र निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. बॅटरीचा डबा पाणी आत जाऊ न देणारा असतो हे खरे, पण ती चाचणी स्थिर पाण्यातली आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कुठलीही असो, थांबायचे.

पुढच्या आठवड्यात कोकणात उतरू. मुंबई-गोवा महामार्ग सोडून गुहागर आणि देवगडकडे वळल्यावर सड्यावरचे अंतर कसे मोजायचे आणि खाऱ्या हवेत प्लगच्या पितळी पिनांचे काय होते, ते पाहू.