दाबलं की दुखतं, म्हणजे उसणच?

‘डॉक्टर, बोटानं दाबलं की दुखतं. म्हणजे हार्टचं नाही ना?’ आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, माझी फक्त मान हलायची बाकी असते.

मागच्या पावसाळ्यात पन्नाशीतले एक गृहस्थ असेच आले, तेही स्वतः दुचाकी चालवत. आदल्या दिवशी सिमेंटच्या गोण्या गच्चीवर चढवल्या होत्या. संध्याकाळपासून छाती आणि खांदा भरून आला, म्हणून घरात निदान झालं, उसण भरली. रात्रभर बाम चोळला, तव्यावर फडकं गरम करून शेकलं. पहाटे दरदरून घाम फुटला, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. मी बरगड्यांवर दाबलं, तर खरंच दुखत होतं. ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका.

त्यांची उसणही खरी होती आणि झटकाही खरा होता. गोण्या उचलल्या की स्नायूंवर ताण येतो, तसाच हृदयावरही येतो. एक कारण सापडलं म्हणून दुसरं पळून जातं, हे कुणी सांगितलं?

दाबून पाहण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. बरगडीच्या सांध्याला सूज आली किंवा स्नायू ताणला गेला, तर दुखरी जागा एका बोटानं दाखवता येते. कूस बदलली, खोकला आला, खोल श्वास घेतला की चमक निघते. अशा दुखण्यात हृदयविकाराची शक्यता कमी असते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. छातीत दुखतं म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. दाबल्यावर हुबेहूब तेच दुखणं उमटणाऱ्या रुग्णांतही सुमारे 7 टक्क्यांना हृदयाचाच त्रास निघाला. शंभरात सात. डॉक्टरसुद्धा नुसतं दाबून कुणाला घरी पाठवत नाहीत, ते याचसाठी.

हृदयाचं दुखणं ओळखायला अवघड जातं, कारण पुष्कळदा रुग्ण त्याला दुखणं म्हणतच नाही. ‘दुखत नाही हो, दडपल्यासारखं होतंय’, ‘कुणी आवळतंय’, ‘दगड ठेवल्यासारखं वाटतंय’. हे सांगताना बोट नाही, अख्खा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध जाते. हृदयाकडून आणि हाताकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते आणि कळ खांद्यात, हातात, जबड्यात जाणवते. जिना चढताना दडपण यावं आणि थांबल्यावर पाच मिनिटांत उतरावं, हे तर हृदयानं दिलेलं लेखी पत्रच समजा. लोक ते पत्र ‘थकवा असेल’ म्हणून बाजूला ठेवतात.

उलट, विशीतली मुलं सुई टोचल्यासारख्या दोन सेकंदांच्या चमकेनं रात्र रात्र जागतात. ती चमक बहुधा हृदयाची नसते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. डावीकडे दुखलं तरच हृदय: नाही, मधोमध, उजव्या हातात, पाठीत, अगदी पोटाच्या वरच्या भागातही दुखू शकतं. ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच: हृदयाची कळही येते-जाते. जिभेखालच्या गोळीनं आराम पडला म्हणजे हृदयच: 2003 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात हृदयविकार असलेल्यांपैकी 35 टक्क्यांना आराम पडला, नसलेल्यांपैकी 41 टक्क्यांना! शेजाऱ्याची ती गोळी घेऊन रक्तदाब मात्र कोसळू शकतो. छातीत दुखल्याशिवाय झटका येत नाही: 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या सव्वाचार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत तिघांतला एक छातीदुखीविना आला होता. त्यांत वयस्कर, स्त्रिया आणि मधुमेही जास्त होते. त्यांना नुसती धाप, मळमळ, घाम. हा साठीनंतरचा आजार: दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचं सरासरी वय 53 आढळलं, इतर देशांत जवळपास 59. एक ईसीजी नॉर्मल आला, सुटलो: सुरुवातीचा ईसीजी साफ निघू शकतो, म्हणून तो पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात.

तेव्हा दडपण पंधरा मिनिटांत उतरलं नाही, तर बामाची बाटली ठेवून द्या आणि 108 ला फोन लावा. बामाची बाटली ठेवून द्या आणि 108 ला फोन लावा. दुचाकीला किक मारून निघू नका. आणि माझ्याकडे तर मुळीच येऊ नका. माझ्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी होत नाही.