वानखेडेची खुर्ची आणि लिंबायतचा प्रेक्षक

सुरतेहून मुंबई सेंट्रल लोहमार्गाने २६३ किलोमीटर, अहमदाबाद २२९. म्हणजे वानखेडे आणि मोटेरा या दोन मैदानांच्या जवळजवळ मधोमध आमचं शहर येतं आणि शहराच्या पूर्व अंगाला, रुळांपलीकडे, लिंबायत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या गाडीने आलेली माणसं इथे लूम्सवर लागली, साड्यांच्या कामात शिरली, खोल्या घेऊन स्थिरावली. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती. अशा माणसाने आयपीएलमध्ये कुणाच्या बाजूने बसायचं, हा प्रश्न २०२२ पर्यंत पडला नव्हता. सचिनची मुंबई ती आपली मुंबई, विषय संपला. त्या वर्षी गुजरात टायटन्स आले, पहिल्याच हंगामात अहमदाबादच्या मैदानावर करंडक घेऊन गेले, आणि इथल्या घराघरांत बाप निळा आणि पोरगा टायटन्सवाला अशी फाळणी सुरू झाली.

या वादात मला रस आहे, पण त्याहून जास्त रस दुसऱ्याच गोष्टीत आहे. पंधरा-पंधरा वर्षं एकाच संघासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाचा त्या संघाच्या मैदानातल्या खुर्चीवर काही हक्क निर्माण होतो का? होत असेल तर त्याची नोंद कुठे असते?

अशी नोंद ठेवण्यात अमेरिकेतली विद्यापीठं सगळ्यांच्या पुढे आहेत. तिथे कॉलेजच्या संघांचं फुटबॉल, म्हणजे हाताने फेकायच्या अंडाकृती चेंडूचं, पाहायला लाख-लाख माणसं जमतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डची क्षमता १,०२,७३३ आहे. संपूर्ण हंगामाचं तिकीट काढणाऱ्याला तीच खुर्ची वर्षानुवर्षं मिळते, आजोबांची खुर्ची नातवाकडे येते. पण चांगल्या जागेसाठी तिकिटाच्या किमतीशिवाय विद्यापीठाच्या क्रीडानिधीला दरवर्षी देणगी द्यावी लागते, आणि देणगीचे गुण साठत जातात. मैदान नव्याने बांधलं की खुर्च्यांचं फेरवाटप होतं. ज्याचे गुण जास्त तो आधी निवडणार. काइल फील्डचा २०१५ साली पुरा झालेला सुमारे ४८.५ कोटी डॉलरचा कायापालट असंच फेरवाटप घेऊन आला. तीस वर्षं एका जागी बसलेला माणूस गुण कमी पडले म्हणून कोपऱ्यात जातो आणि त्याच्या जागी कालचा श्रीमंत येऊन बसतो.

सरकारचाही याला हातभार होता. १९८८ पासून अशा देणगीचा ८० टक्के भाग करातून वजा करता यायचा; खुर्चीसाठी मोजलेला पैसा दानधर्मात धरला जायचा. २०१७ च्या करकायद्याने ही सवलत काढून घेतली. मग जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायला परवानगी मिळाली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हा पैसा येणार कुठून? टेनेसी विद्यापीठाने तर आधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, हंगामी तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ जाहीर करून टाकली होती. इतका उघड व्यवहार वाचला की आपल्याकडचा माणूस आधी नाक मुरडतो. मीही मुरडलं. पण आपल्याकडचा हिशेब मांडायला बसलं की नाक हळूहळू सरळ होतं.

आपल्याकडे खुर्च्यांच्या भांडणातून एक अख्खं स्टेडियम उभं राहिलं आहे. ७ डिसेंबर १९३७ रोजी चर्चगेटजवळ, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम खुलं झालं. मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआय. मुंबईतलं क्रिकेट चालवणारी संस्था मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कसोटी सामने असोसिएशनचे, मैदान क्लबचं, आणि मधे तिकिटं. असोसिएशनशी संलग्न क्लबांना किती जागा आणि सीसीआयच्या सभासदांना किती, यावरून दर कसोटीला घासाघीस व्हायची. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर हे प्रकरण पार हाताबाहेर गेलं. त्या वेळी शेषराव वानखेडे विधानसभेचे अध्यक्ष आणि असोसिएशनचे कारभारी. आमदारांसाठी एक मदतनिधी सामना ब्रेबर्नवर घेऊ द्या, म्हणून ते गेले असता सीसीआयच्या वतीने विजय मर्चंट यांनी नकार दिला, अशी हकिकत मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात अजून सांगितली जाते. वानखेड्यांनी मग आपलंच मैदान बांधायचं ठरवलं. ब्रेबर्नपासून पायी जाता येईल अशा अंतरावर, रुळांना खेटून, वास्तुरचनाकार शशी प्रभू यांच्याकडून साधारण तेरा महिन्यांत ते उभं करून घेतलं. एकाच गल्लीत रुसून दुसरी चूल मांडणाऱ्या भावासारखा हा प्रकार. पुढे ब्रेबर्नला कसोटी सामना मिळाला तो थेट २००९ मध्ये. गंमत म्हणजे वानखेडेच्या एका स्टँडला आज विजय मर्चंट यांचं नाव आहे.

नव्या मैदानावरची पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजशी झाली. मालिका २-२ अशी बरोबरीत आणि हा निर्णायक सामना. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक प्रेक्षक हात मिळवायला मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला बडवला. ते पाहून स्टँड खवळले, जाळपोळ, मोडतोड झाली आणि त्या दिवशीचा चहापानानंतरचा खेळ बुडाला. सामना वेस्ट इंडिजने २०१ धावांनी जिंकला. याच कसोटीत एकनाथ सोलकरने १०२ धावा काढल्या, त्याच्या कसोटी कारकिर्दीतलं एकुलतं एक शतक. सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी. माळ्याच्या पोराला खेळपट्टीपर्यंत जायची वाट या शहरात होती. त्याच माळ्याच्या शेजाऱ्याला तिकीट कुठून मिळणार, याचा विचार मात्र नव्या मैदानाच्या भांडणात कुणी केला असेल असं दिसत नाही. भांडण सीसीआयचे सभासद आणि असोसिएशनचे क्लब यांच्यातलं होतं. क्लब जिंकले. रांगेतला माणूस त्या भांडणात पक्षकार नव्हताच.

याचा पुरावा २०११ मध्ये आकड्यांत मिळाला. विश्वचषकासाठी वानखेडे जवळजवळ नव्याने बांधलं गेलं. जुन्या मैदानात ४५ हजार माणसं दाटीवाटीने मावत. नव्यात एकेकट्या खुर्च्या आल्या, छत आलं, आणि क्षमता ३३ हजारांच्या आसपास उतरली. अमेरिकन भाषेत बोलायचं तर हे आपलं फेरवाटप. बारा हजार जागा गेल्या. कुणाच्या गेल्या? २ एप्रिलच्या अंतिम सामन्याचा हिशेब बाहेर आला तेव्हा सुमारे वीस हजार तिकिटं संलग्न क्लबांकडे आणि साडेआठ हजार आयसीसीकडे जाणार होती. बाकीची देणीघेणी भागवून सर्वसामान्यांना विकायला उरली चार हजार. आठांत एक. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, सचिनचा दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना. जनतेसाठी पाच हजार तिकिटं, आणि विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडलं.

क्लबांना जागा देऊ नयेत असं मी म्हणत नाही. मुंबईचं क्रिकेट या तीनशेहून अधिक क्लबांनी जगवलं, कांगा लीगच्या चिखलात खेळाडू त्यांनीच घडवले. सभासदाला वर्षभराच्या धडपडीचं फळ म्हणून दोन तिकिटं मिळाली तर त्यात वावगं काय? अडचण पुढची आहे. क्लबाकडे गेलेलं तिकीट पुढे कुणाच्या खिशात गेलं हे कुठेच छापून येत नाही. मेहुण्याचा मित्र, वॉर्डातला नगरसेवक, कंपनीचं मोठं गिऱ्हाईक, मग एखादा दलाल. लिंबायतमध्ये बसून वानखेडेचं तिकीट हवं असेल तर कुणाला फोन करायचा हे माहीत असावं लागतं. अमेरिकेतल्या त्या तीस वर्षांच्या माणसाला निदान आपले गुण किती कमी पडले हे कागदावर वाचता येतं, त्यावर कडाकडा भांडता येतं. वशिल्याशी भांडायचं कसं? तिथे निष्ठेची किंमत लावतात याचा राग येतो. इथे ती मोजायचे कष्टही कुणी घेत नाही, हे मला जास्त लागतं.

हंगामी तिकीट हा प्रकार मराठी माणसाला परका आहे असंही नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो, आणि तिथलं सीझन तिकीट हा अनेक घरांतला डिसेंबरचा ठरलेला खर्च असतो. भारतीय बैठकीत जागेला नंबर नाही. लवकर या, सतरंजी पकडा. जुना श्रोता असो की कालचा, जागा रोज नव्याने मिळवायची. २०१८ मध्ये महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला हलला तेव्हा जुन्या मंडळींनी हळहळ व्यक्त केली, पण कुणाच्या आजोबांची खुर्ची गेली असं झालं नाही, कारण ती कुणाच्या नावावर नव्हतीच. लिंबायतला ओळखीचं सीझन तिकीट म्हणाल तर रेल्वेचा पास. अपडाउनवाल्यांच्या डब्यात पासावर सीट मिळत नाही, तरी कोण कुठे बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि नवख्याला उठवलं जातं. दीडशे किलोमीटरच्या पुढे मात्र मासिक पास निघत नाही, त्यामुळे मुंबई त्यातही बसत नाही.

आयपीएलने क्लबांच्या कोट्याशेजारी दुसरी एक खिडकी उघडली, हे मान्य करायला हवं. मोबाइल असेल तर तिकीट निघू शकतं. रात्रपाळीआधी चहाच्या टपरीवर चार पोरं चार मोबाइल घेऊन बसतात. ज्याचा नंबर आधी लागेल त्याने सगळ्यांची काढायची, असा ठराव असतो. पडद्यावर रांगेतला आकडा सरकत राहतो. मग मैदानाचा नकाशा उघडतो, रंगीत तुकडे दिसतात, बोट टेकवेपर्यंत राखाडी होतात. उरतात ती ज्यांच्या किमतीकडे बघून कुणीतरी मोबाइल उलटा ठेवतो ती. मुंबई इंडियन्सने पैसे भरून घ्यायचं सभासदत्व काढलं आहे, त्यात सभासदाला तिकीटविक्रीत आधी शिरता येतं. देणगीचे गुण ही कल्पना लहान आकारात इथे पोचलीच म्हणायची.

वर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. हजाराचं मूळ तिकीट १,२८० ला पडायचं, ते १,४०० ला पडू लागलं. मान्यताप्राप्त स्पर्धांच्या पाचशेपर्यंतच्या तिकिटाला कर नाही आणि त्यापुढे १८ टक्के; आयपीएल त्या यादीत बसत नाही. पण लूमवर काम करणाऱ्याचा खरा हिशेब तिकिटावर थांबत नाही. पगार मीटरवर, पाळी बारा तासांची. सामना रात्री साडेअकराला संपला की परतीची गाडी गाठायची, म्हणजे जायचा एक खाडा आणि यायचा अर्धा. खाड्याचे पैसे कुणी देत नाही. पहाटेची फ्लाइंग रानी मुंबईला नेते खरी, पण संध्याकाळी ती परत निघते तेव्हा नाणेफेकही झालेली नसते.

आणि इतकं करून रांगेत उभं राहिलेल्याला २०२३ च्या विश्वचषकात काय दिसलं? आधी तिकिटं संपल्याचे फलक, मग ओरड झाल्यावर सप्टेंबरात क्रिकेट मंडळाने आणखी सुमारे चार लाख तिकिटं विक्रीला काढल्याची घोषणा. ५ ऑक्टोबरला अहमदाबादच्या १ लाख ३२ हजारांच्या मैदानात इंग्लंड-न्यूझीलंड हा सलामीचा सामना सुरू झाला तेव्हा टीव्हीवर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा. भारताचा सामना नव्हता, दुपारची उन्हं होती, सगळं कबूल. तरी संपलेली तिकिटं आणि रिकाम्या खुर्च्या एकाच वेळी दिसतात तेव्हा खुर्च्या कुणाच्या नावावर होत्या हे विचारायचा अधिकार रांगेतल्याला असायला हवा. सामन्यागणिक किती जागा कुठल्या कोट्यात गेल्या याचा तक्ता मुंबई आणि गुजरात या दोन्ही संघटनांनी छापावा, एवढी साधी मागणी आहे. कोटे राहू देत. दिसू तरी देत.

निष्ठेचं माप एरवी घेतलं जातं ते बोंब मारताना. हार्दिक पंड्या जन्माने सुरतेच्या चोर्यासीचा, वाढला बडोद्यात. गुजरातला पहिला करंडक मिळवून दिला, दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि मग मुंबईला परतला तो थेट रोहित शर्माच्या जागी कर्णधार म्हणून. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादेत त्याची हुर्यो उडवली गेली. तिथे समजण्यासारखं होतं. १ एप्रिलला वानखेडेवर त्याच्या स्वतःच्या संघाच्या प्रेक्षकांनी तेच केलं, तेव्हा नाणेफेकीला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. लिंबायतमध्ये या दोन्ही रात्री गल्लीगल्लीत दोन तट होते, आणि त्यातला एक तट ‘आपला सुरतचा पोरगा’ म्हणून हार्दिकच्या बाजूने हमरीतुमरीवर आलेला. त्या वादात पडलेल्यांपैकी वानखेडे आतून पाहिलेला एखाददुसराच. मे २०२५ मध्ये तिथल्या दिवेचा पॅव्हेलियनच्या एका मजल्याला रोहित शर्माचं नाव दिलं गेलं, ते इथे सगळ्यांनी मोबाइलवरच पाहिलं.

सुरतेच्या वाट्याला मोठं क्रिकेट क्वचित येतं. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर २४ सप्टेंबर २०१९ रोजी शफाली वर्मा पंधराव्या वर्षी भारताकडून पहिला सामना खेळली, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. ते मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, डुमसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला.

त्यामुळे लिंबायतच्या मुंबईकर पाठीराख्याने आपला मार्ग काढला आहे. मुंबईला पाहायला तो अहमदाबादला जातो. १ लाख ३२ हजार खुर्च्यांत कोटे कितीही खाऊन गेले तरी वरच्या मजल्यावर काहीतरी उरतं, अंतरही चौतीस किलोमीटरने कमी. निळा टीशर्ट घालून तो टायटन्सच्या गल्ल्यात पैसे टाकतो आणि टायटन्सविरुद्ध ओरडतो. १ जून २०२५ ला तर टायटन्स स्पर्धेबाहेर पडले होते आणि त्यांच्याच मैदानावर मुंबई दुसरा क्वालिफायर पंजाबशी खेळली. पावसाने सामना दोन तासांहून अधिक लांबला. मुंबईच्या २०३ धावा, आणि मुंबईतच घडलेल्या श्रेयस अय्यरने नाबाद ८७ करून मुंबईलाच बाहेर काढलं, तेव्हा रात्रीचा एक कधीच वाजून गेला होता. वार रविवार होता. जे लिंबायतहून गेले असतील त्यांची सोमवारची दिवसपाळी सकाळी सातला लागणार होती.