जालन्यात मुक्काम कुठे करावा

सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, जमशेदखानाने जालन्यात मशीद बांधली. ती आज काळी मशीद म्हणून ओळखली जाते. वाटसरूंसाठी त्याने सराई आणि हमामही उभारला. मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणण्याचं कामही त्याचंच. मुक्कामाला येणाऱ्या माणसाला आधी काय लागतं, हे त्याला नेमकं कळलं होतं. जालन्यात खोली ठरवताना आजही पहिला प्रश्न पाण्याचाच विचारावा.

या शहराने पाणीटंचाई फार सोसली आहे. २०१२-१३चा दुष्काळ अनेकांच्या लक्षात आहे. जायकवाडीचं पाणी आता पाइपलाइनने येतं, तरी नळाला ते रोज येईलच असं नाही. त्यामुळे लॉजवाले बोअर, टाक्या आणि टँकर यांवर भागवतात. फोनवर "पाणी आहे ना?" असं विचारलं, तर उत्तर "आहे" असंच मिळणार. त्यापेक्षा विचारावं: न्हाणीघरातल्या नळाला चोवीस तास पाणी असतं का? गरम पाणी सोलरचं की गिझरचं, आणि सकाळी किती वाजेपर्यंत मिळतं? मार्च ते जून या काळात यायचं असेल तर हे विचारल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवू नयेत.

दुसरा प्रश्न आपल्यालाच विचारायचा: सकाळी उठून कुठे जायचं आहे? कुंडलिका नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. रेल्वे स्टेशन आणि गांधी चमन जुन्या जालन्यात, तर सराफा आणि जुनी बाजारपेठ नव्या जालन्यात. रेल्वेने येऊन रेल्वेनेच परतायचं असेल तर स्टेशन रोड बरा. बाजारातलं काम असेल, तर पलीकडची वस्ती सोयीची.

जिल्हा पाहायचा असेल तर दिशा धरावी. राजूरचा गणपती आणि भोकरदन उत्तरेला. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ज्या असईजवळ लढाई केली, ते गावही त्याच बाजूला. अंबडची मत्स्योदरी देवी आणि समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ दक्षिणेकडे. दोन्ही दिशा एका दिवसात उरकायला जाऊ नये. असईच्या माळावर निवांत उभं राहिल्याशिवाय त्या लढाईचा नकाशा डोळ्यांपुढे येत नाही. जालन्यात दोन रात्री राहावं आणि एकेक दिशा एकेका दिवसाला द्यावी. मात्र मुख्य ओढ वेरूळ-अजिंठ्याची असेल, तर साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरातच उतरावं.

खोलीचा दिवस कुठून कुठे मोजतात, हेही आधीच समजून घ्यावं. काही ठिकाणी दुपारी बाराला खोली सोडावी लागते, काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास धरतात. मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने निघालं तर जालन्यात पहाटे उतरतो. बाराचा नियम असलेल्या लॉजमध्ये पहाटे पाचला खोली घेतली, तर सात तासांतच एक दिवस संपतो आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं लागू होतं. चोवीस तासांच्या लॉजमध्ये तीच खोली दुसऱ्या पहाटेपर्यंत आपली असते. भाड्यात शंभर-दोनशेंचा फरक असला तरी हिशेब इथे फिरतो. भाड्यावर जीएसटी वेगळा की धरून, तेही विचारावं. २२ सप्टेंबर २०२५पासून रोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे.

गर्दीच्या तारखा पंचांगात पाहाव्यात. अंगारकीला राजूरकडे, नवरात्रात अंबडकडे, रामनवमीला जांबकडे लोक लोटतात. लग्नसराईत वऱ्हाडी मंडळी लॉजचे मजलेच्या मजले घेतात. शिवाय जालना बियाण्यांचं आणि पोलादाचं गाव. कंपन्यांची माणसं आणि व्यापारी वर्षभर येत-जात असतात. त्यामुळे सणवार नसतानाही चांगली खोली ऐनवेळी मिळेलच असं धरू नये. देवस्थानाच्या गावी राहायचं असेल, तर भक्तनिवासाची चौकशी थेट संस्थानाकडे करावी. दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो, हे तेव्हाच विचारून घ्यावं.

परदेशात स्थायिक झालेले मुलगा-सून नातवंडांना घेऊन येणार असतील, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. परदेशी पासपोर्टवर आलेल्या पाहुण्याची नोंद हॉटेलला चोवीस तासांत ऑनलाइन करावी लागते. छोट्या लॉजवाल्यांकडे ती सोय नसली, तर ते रात्री दारातूनच परत पाठवतात. म्हणून "परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद करता ना?" हे आधीच विचारून, होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावा, आणि त्याच संदेशात खोलीचं भाडं, येण्याची वेळ आणि गरम पाण्याची वेळही नोंदवून ठेवावी.