ट्रकचा मेंदू : चिप की ट्यूनर?

‘शेठ, गाडीला चिप टाकून घ्या. घाटात तिसऱ्याची चौथी होईल आणि लिटरमागं अर्धा किलोमीटर जास्त निघेल.’ हायवेवरच्या गॅरेजात किंवा ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या बाकड्यावर तासभर बसलं की असं काहीतरी कानावर पडतंच. मग दुसरा कुणीतरी म्हणतो, चिप नको, ट्यूनिंग करा. तिसरा म्हणतो, दोन्ही एकच. ऐकणारा ट्रकमालक मात्र मनातल्या मनात हप्त्याचा हिशेब करत असतो. त्याच्यासाठी हा हौसेचा मामला नाही.

कवितेच्या माणसानं या विषयावर बोलावं याचं कुणाला नवल वाटेल. पण ट्रकच्या फाळक्यावरच्या ओळी वाचत ज्याचं लहानपण गेलं, त्याला फाळक्याच्या पुढे काय चाललंय हे कधीतरी पाहावंसं वाटणारच. शिवाय हा सगळा मामला शेवटी भाषेचा आहे, हे मला उशिरा कळलं. कसा, ते पुढे येईलच.

आधी डिझेल इंजिन. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात लागत नाही. सिलिंडरमधली हवा दट्ट्या इतकी दाबतो, की ती पंधरा-अठरा पटीनं आकसते आणि तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. म्हणजे डिझेल किती सोडायचं आणि कोणत्या क्षणी सोडायचं, या दोन प्रश्नांतच इंजिनाचा सगळा स्वभाव आला.

पूर्वी या प्रश्नांची उत्तरं लोखंडाचा पंप देत असे. आपल्याकडे ‘मायको’ हे नाव त्या पंपाला जणू चिकटूनच गेलं होतं. त्यात स्प्रिंगा, दांडे आणि मर्यादा ठरवणारा एक स्क्रू. कारखान्यातून त्यावर सील मारून येई. सील तोडून स्क्रू फिरवला की जास्त डिझेल सुटायचं, गाडी उड्या मारायची आणि मागे काळ्या धुराचा पडदा. त्या काळ्या धुराला ताकदीची खूण समजणारे लोक अजूनही भेटतात. खरं म्हणजे तो धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. पंपावर पैसे मोजून घेतलेलं आणि हवेत उडवलेलं. अशा जुन्या, पूर्ण यांत्रिक पंपाच्या ट्रकला चिपही लागत नाही आणि ट्यूनरही. लावायला जागाच नसते. तरीही अशा गाडीसाठी कुणी ‘चिप’ विकत असेल, तर तो डबी विकतोय एवढं समजावं.

नव्या गाडीत त्या स्क्रूची जागा एका छोट्या संगणकानं घेतली. त्याला ईसीयू म्हणतात. डिझेल एका सामाईक नळीत दाब देऊन साठवलेलं असतं. हा दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, त्याच्या दोनशे पट. पंधराशे फेऱ्यांवर चालणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला पंच्याहत्तर वेळा डिझेल पेटतं. प्रत्येक वेळी किती आणि केव्हा, हे ईसीयू ठरवतो. कसं ठरवतो? त्याच्या स्मरणात तक्ते लिहिलेले असतात. आपल्या पाढ्यांसारखे. इतक्या फेऱ्या, इतका भार, हवा इतकी थंड, टर्बोचा दाब इतका, तर डिझेल इतकं. शिवाय गिअरबॉक्स किती जोर सोसेल, धूर किती चालेल, याच्या मर्यादाही तिथंच लिहिलेल्या. आता या लिहिलेल्या गोष्टीत ढवळाढवळ करायची म्हटलं, तर रस्ते दोन. एक चिपचा आणि दुसरा ट्यूनरचा.

‘चिप’ हा शब्द आला कुठून, हे अमेरिकेत नीट दिसतं. तिथं ट्रक म्हणजे बहुधा पिकअप. मागे घोड्यांची गाडी, होडी किंवा शेतीचं सामान ओढणारी. १९९४ ते २००३ या काळात फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन येत असे. त्याच्या कंट्रोल युनिटच्या मागच्या बाजूला कारखान्याच्या कामासाठी ठेवलेली एक खाच होती. बॅटरीची तार सोडायची, खाचेतली टोकं घासूनपुसून साफ करायची आणि तिथं खरोखरीची चिप बसवायची. मग युनिट आपले मूळ तक्ते सोडून चिपमधले वाचू लागे. काही चिपांना सहा घरांचा फिरता खटका असे. एका घरात मूळची गाडी, दुसऱ्यात ओझं ओढण्याची, तिसऱ्यात नुसती पळण्याची. त्या गाडीसाठी चिप हा खरोखरच चांगला पर्याय होता, कारण तिची रचनाच तशी होती.

पुढे गाड्या बदलल्या, ती खाच गेली, पण नाव मागे राहिलं. आज ‘चिप’ म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा एक डबा असतो. तो ईसीयूच्या आत जात नाही. दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि खोटं बोलतो. नळीतला दाब खरं तर पुरेसा असतो, हा सांगतो, ‘कमी आहे’. ईसीयू बिचारा विश्वास ठेवतो आणि दाब वाढवतो. तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सुटतं आणि गाडी जोर धरते. काढायला सोपा, लावायला सोपा, दहा मिनिटांचं काम. ही त्याची मोठी सोय. दोष असा, की ईसीयूला खरं काय चाललंय ते कळतच नाही. तक्त्यातल्या मर्यादा कागदावर शाबूत आणि प्रत्यक्षात ओलांडलेल्या. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सलाही हीच खोटी खबर जाते. जोर किती येतोय हे माहीत नसताना तो गिअर टाकतो आणि क्लचप्लेट त्याची किंमत मोजते.

ट्यूनर खोटं बोलत नाही. तो मजकूरच बदलतो. स्टिअरिंगखालच्या ज्या सॉकेटला मेकॅनिक दोष तपासायचं यंत्र जोडतो, त्यातूनच हा आत जातो. मूळ तक्ते उतरवून घेतो आणि नवे लिहितो. डिझेल किती, कोणत्या क्षणी, टर्बो किती, असं सगळं एकमेकांना धरून बदलता येतं. अमेरिकेत पुष्कळ लोक ट्यूनर घेतात ते फक्त मोठे टायर टाकल्यावर स्पीडोमीटर खरं दाखवावं म्हणून. दोषांचे कोडही तो वाचतो. साक्षीदार फितवणं आणि कायद्याचं पुस्तकच नव्यानं लिहिणं, असा हा फरक आहे. पण पुस्तक लिहिणारा जाणता हवा. एका गाडीची फाइल दुसऱ्या गाडीत ओतणारे ‘ट्यूनर’ही आहेत. लिहिता लिहिता बॅटरी बसली, तर ईसीयू निकामी होऊन गाडी जागीच उभी राहते. आणि किती वेळा लिहिलं याची नोंद बऱ्याच ईसीयूंमध्ये राहते. मूळ फाइल परत घातली तरी ती पुसली जात नाही.

तिसरा एक प्रकार आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायची, लुकलुकणारा दिवा असलेली हजार-पाचशेची डबी. ‘पस्तीस टक्के इंधनबचत’ असं वर छापलेलं. उघडलेल्या अशा डब्यांत दिवा चालवण्यापुरतीच मांडणी निघालेली आहे. दिवा मात्र छान लागतो.

आता पैशाचं बोलू. दिवसाला तीनशे किलोमीटर चालणारी, लिटरला चार देणारी गाडी पंच्याहत्तर लिटर डिझेल पिते. दहा टक्के वाचले तर साडेसात लिटर. नव्वद रुपयांचा भाव धरला तर दिवसाचे पावणेसातशे, महिन्याचे पंधरा-सतरा हजार. हप्त्याचा भला हिस्सा सुटतो. म्हणून माणूस भुलतो आणि त्याला हसण्यात अर्थ नाही.

पण जास्त डिझेल जाळून डिझेल वाचणार कसं? थोडंफार वाचू शकतं, हेही खरं आहे. चढावर जोर जास्त मिळाला तर गाडी वरच्या गिअरमध्ये टिकते, फेऱ्या कमी होतात. शिवाय डिझेल थोडं आधी पेटवलं तर त्याच थेंबातून जरा जास्त काम निघतं. मग कंपनीच तसं का करत नाही? कारण लवकर पेटवलं की आतला ताप वाढतो, आणि त्या तापात हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं तयार होतात. फुप्फुसं कुरतडणारी. कंपनीनं थोडं अ‍ॅव्हरेज सोडून ती आवरलेली असतात. ट्यूनरवाला जी ‘लपवलेली ताकद’ काढून देतो म्हणतो, तिच्यातली काही अशी आपल्या श्वासातून काढलेली असते. बाकीची कुठून येते? कंपनी इंजिनाला थोडी सवड ठेवते. चाळीस अंशांचं ऊन, भेसळीचं डिझेल, चोंदलेला फिल्टर आणि परवान्यापेक्षा जास्त माल, या दिवसांसाठी ठेवलेली ती शिल्लक असते. आपल्या रस्त्यांवर ते दिवस रोजच येतात. अमेरिकेतला माणूस आठवड्यातून एकदा होडी ओढतो. आपली गाडी कसारा घाट किंवा खंबाटकी भरलेल्या पोटानं चढते, तीही रोज. लांब चढावर जादा डिझेल जळत राहिलं की धुराच्या नळीतला ताप चढत जातो. दट्ट्याचं अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आतच वितळू लागतं. दट्ट्याला खालून तेलाचा फवारा थंड ठेवत असतो म्हणून तो टिकतो, पण त्या फवाऱ्यालाही मर्यादा आहे. टर्बो गेला किंवा दट्ट्याला भोक पडलं, तर वर्षभराची बचत एका दुपारी संपते.

कायदाही आडवा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना ताशी ऐंशीची वेगमर्यादा बसवून येते. ती ‘खोलून देतो’ असं कुणी म्हणाला, तर त्याला ब्रेक कोण बदलून देणार आहे, एवढं विचारावं. विमा कंपनीला न सांगितलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येतो तो वेगळाच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा लागू झालं आणि प्रश्न आणखी बदलला. या गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि मोठ्या ट्रकांत युरियाच्या द्रावणाची टाकी. युरिया धुरातल्या त्या ऑक्साइडांचा बंदोबस्त करतो. युरिया संपला की गाडी मुद्दाम जोर कमी करते. मग गॅरेजवाला एक डबी बसवून देतो. ती ईसीयूला सांगत राहते, ‘युरिया आहे, सगळं ठीक आहे’. पुन्हा खोटी साक्ष. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२० मध्ये अंदाज मांडला होता, की आधीच्या दहाएक वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर आवरणारी यंत्रणा अशी काढून टाकली गेली. हवेवरचा त्याचा परिणाम नव्वद लाख जादा पिकअप रस्त्यावर आणण्याइतका. फक्त गॅरेजवाल्यांना दोष द्यावा तर कंपन्याही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. फोक्सवॅगनची चलाखी २०१५ मध्ये उघड झाली. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सनं अमेरिकेत अशाच आरोपावरून १६७.५ कोटी डॉलर दंड भरायचं डिसेंबर २०२३ मध्ये कबूल केलं.

या धुराचा पहिला गिऱ्हाईक कोण? केबिनमध्ये झोपणारा ड्रायव्हर आणि क्लीनर. नंतर टोलनाक्यावरचा माणूस, धाब्यावरचा पोऱ्या. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जून २०१२ मध्ये जाहीर केलं आहे.

तर निवडायचं काय? अमेरिकेत जुनी ७.३ असेल तर चिप. त्यानंतरची गाडी असेल तर डब्यापेक्षा ट्यूनर केव्हाही बरा. मात्र तिथंही कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक त्यावर आहे का, ते आधी पाहावं. हा क्रमांक धूर वाढत नसल्याची तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही. आपल्याकडे रोजीरोटीच्या बीएस-सहा ट्रकला मी दोन्ही लावू देणार नाही. गरजही कमी झाली आहे. महिंद्रानं २०१६ मध्ये ब्लाझो आणला तेव्हा भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि चढ यांसाठी वेगवेगळे तक्ते एका खटक्यावर दिले. इतर कंपन्यांच्या ट्रकांतही असे खटके आहेत. फोर्डच्या त्या फिरत्या खटक्याचंच हे कायदेशीर भावंडं. पण कितीतरी गाड्यांत तो खटका घेतल्या दिवसापासून एकाच जागी असतो. रिकामी परतताना गाडी ‘हेवी’वरच धावते, कारण शोरूमवाल्यानं सांगितलं नाही आणि ड्रायव्हरनं विचारलं नाही.

आणि एवढं ऐकूनही कुणाला ट्यूनिंग करायचंच असेल, तर त्यानं आधी आपल्या मूळ फाइलची प्रत मागून घ्यावी. गॅरेजवाल्याच्या लॅपटॉपमधली नव्हे, आपल्या हातात, पेनड्राइव्हवर. ती द्यायला तो का-कू करू लागला, तर किल्ली परत घेऊन गाडी बाहेर काढावी.