फराहबाग

इंग्लंडच्या ग्रामीण भागांत जमीनदार सरदारांचे जुने वाडे आजहि उभे आहेत, आणि एकेका वाड्याच्या कहाणींतून त्या देशाचा इतिहास सांगण्याची तिकडे रूढीच आहे. तशी कहाणी सांगणारी एक वास्तु अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, या शहराबाहेर सुमारें दोन मैलांवर आहे. ती म्हणजे फराहबाग.

मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत (१५६५–१५८८) वजीर चंगीझखान यानें या वाड्यास आरंभ केला व न्यामतखानानें तो पुरा केला. परंतु तो शहाच्या मनास न आल्यामुळें पाडण्यांत आला! मग सलाबतखानानें नव्यानें काम हातीं घेऊन १५८३ सालीं तें तडीस नेलें. वाडा अष्टकोनी व दुमजली, मध्यें सुमारें ३० फूट उंचीचा घुमटाकार दिवाणखाना, सभोंवार तलाव. खापरी नळांनीं लांबून आणलेलें पाणी त्यांत खेळे, आणि भर वैशाखांतहि पाण्यावरून निवालेला वारा उंच कमानींतून आंत येई.

पण या गारव्याची किंमत राज्यानें मोजली. संशयाच्या भरांत मुर्तजानें चंगीझखानास विष देवविलें. पुढें पश्चात्तापानें ग्रासून तो जनांतून उठला. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणूं लागले. शहा या बागेंत बुद्धिबळें खेळत बसे आणि कारभार सलाबतखान पाही. त्याच्या अमलांत वाटा निर्धास्त झाल्या. तरीहि अखेर शहाची त्याच्यावर इतराजी झाली. सैन्य हाताशीं असतां तो लढला नाहीं. इतिहासकार फेरिस्ता लिहितो कीं, त्यानें आपल्याच हातांनीं पायांत बेड्या घालून घेतल्या व तो बंदिवासांत गेला.

राज्य सांवरणारा हात असा गेला. १५८८ मध्यें मुर्तजाचा त्याच्याच मुलानें तापविलेल्या हमामखान्यांत कोंडून वध केला, आणि अवघ्या बारा वर्षांत, १६०० सालीं, नगरचा किल्ला मोंगलांनीं घेतला.

आज तलाव कोरडा आहे. ज्याच्या सुखासाठीं वाडा दोनदां बांधला, त्या शहाचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. सलाबतखानाची तीनमजली कबर मात्र शहा डोंगरावरून दूरवर दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, एवढेंच!