खटक्यावर बोट आणि कायद्याचे कान

कोल्हापुरात ट्रॅक्टरच्या मागे, टी-शर्टवर आणि मोबाईलच्या स्टेटसवर एक वाक्य हमखास भेटते : ‘खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी’. शब्दकोश हातात घेऊन कुणी त्याचे इंग्रजी केले, तर ती सरळ गोळी घालण्याची धमकी ठरेल. ‘काटाकिर्र’ या शब्दाला तसाच ‘काटा काढण्या’चा वास येईल. प्रत्यक्षात पहिल्यात नुसती ऐट आहे आणि दुसऱ्यात कौतुक. हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही; इथे राहिले की कळते. पण इथे न राहणाऱ्याला, आणि विशेषतः कायद्याला, ते कसे कळायचे?

मी वकील नाही, भाषेचा प्राध्यापकही नाही. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली आणि न्यायालयांची निकालपत्रे वाचण्याचा नाद मात्र बऱ्याच वर्षांचा आहे. त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की झाली. शब्दांवरच्या खटल्यात ‘काय लिहिले’ यापेक्षा ‘वाचणारा कोण धरायचा’ यावर निकाल जास्त अवलंबून असतो.

द्व्यर्थी बोलण्याची गंमत अशी, की त्यातला दुसरा अर्थ कागदावर नसतोच. तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुरा होतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, लॉर्ड कर्झनचे नाव संपूर्ण नाटकात नाही. तरीही कीचक म्हणजे कर्झन आणि द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातला देश, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. सरकारलाही ते उमगले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा हाताशी होताच. म्हणजे बंदी घातली ती संहितेतल्या शब्दांवर नव्हे, प्रेक्षकांच्या समजुतीवर!

आपल्या कोल्हापुरातही हे घडले. ‘प्रभात’ने १९३० मध्ये इथे शिवरायांवर मूकपट काढला. त्याच्या आधीच्या नावात ‘स्वराज्य’ हा शब्द होता. शिवकाळातला हा शब्द १९३० साली काय सांगतो, हे सेन्सॉरने ओळखले. नाव बदलावे लागले आणि चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून झळकला. पुढे पुण्यात ‘प्रभात’च्या ‘महात्मा’चे ‘धर्मात्मा’ झाले, तेही याच न्यायाने. एकनाथांच्या चरित्रपटातून प्रेक्षक गांधीजींकडे वळतील, अशी धास्ती होती.

याउलट दादा कोंडके. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ या १९८६ च्या चित्रपटाच्या नावातला एकही शब्द वाईट नाही. हसू येते ते शब्द कुठे तोडायचे हे आपण ठरवतो म्हणून. तिथे वाचकाच्या डोक्यातल्या अर्थाचे खापर लेखकावर फोडणे सेन्सॉरला अवघड गेले.

विनोदाच्या बाहेर मात्र हा खेळ महागात पडतो. १८९७ मध्ये टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे ‘अफेक्शन’चा, प्रेमाचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! या शब्दफोडीवर टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ च्या खटल्यात त्यांनी स्वतः बाजू मांडताना मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरातले दोष दाखवले. पण नऊ ज्यूरींत सात युरोपीय होते. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि मंडालेला गेले.

या दोन खटल्यांच्या मधे, १८९८ साली, दंड संहितेत १५३-अ हे कलम घातले गेले : समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचे. आज ते भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकाने आहे. स्टेटसवरून होणाऱ्या अनेक फिर्यादी याच कलमाखाली येतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवले. एकात कलम ३७० रद्द झाल्याचा दिवस ‘काळा दिवस’ म्हटला होता, दुसऱ्यात पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छा होत्या. हातकणंगले पोलिसांत १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. शुभेच्छांत गुन्हा नाही, पण ‘काळा दिवस’मध्ये असू शकतो, असे म्हणत उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला.

त्या निकालाचा आधार आपल्या नागपूरचा आहे. १९४६ साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक माप ठरवून दिले होते : शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते पाहावे, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या, चंचल मनाच्या माणसावर काय होईल ते नव्हे. मार्च २०२५ मध्ये समाजमाध्यमावरील एका कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा लावले. तीन ते सात वर्षे शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची नव्या कायद्यातली सोय पोलिसांनी वापरावी, असेही सांगितले.

म्हणून ‘गंमत केली’ म्हटले की सुटका, असे मात्र नाही. अब्रुनुकसानीच्या कलमाचे तिसरे स्पष्टीकरण सांगते, की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. ‘अहो, ते तर हरिश्चंद्राचे अवतार!’ हे वाक्य स्तुतीचे की चिखलफेकीचे, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना ठाऊक असेल तर न्यायालयही ते ऐकते. २०१५ च्या एका मराठी कवितेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कसोटी अधिक कडक लागेल. मीम बनवणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे. ग्रुप अ‍ॅडमिनना मात्र थोडा दिलासा आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुराला, समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

खरी अडचण तंत्राने वाढवली आहे. तालमीच्या कट्ट्यावर मारलेली कोटी तिथेच विरायची. बोलणाऱ्याचा चेहरा, आवाजाचा हेल, समोरच्याचे नाते, सगळे मिळून अर्थ ठरायचा. स्क्रीनशॉटमध्ये यातले काहीच येत नाही. शब्द तेवढे पुढच्या ग्रुपात जातात आणि तिथला वाचक वेगळा असतो. ७ जून २०२३ रोजी स्टेटसवरूनच आपले शहर पेटले. दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद राहिले. त्या दिवशी ज्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या, त्यांनी ते स्टेटस पाहिलेही नसेल.

न्यायालयाने खंबीर वाचकाचे माप घालून दिले खरे. पण त्या प्राध्यापकांना ते मिळेपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला. दिल्लीतला न्याय हातकणंगल्याच्या ठाण्यात पहिल्याच दिवशी पोचावा, असे वाटत असेल तर ते माप ठाणेदाराने, बातमीदाराने आणि ‘हे बघा काय टाकलंय’ म्हणून पुढे ढकलणाऱ्या आपण प्रत्येकाने वापरायला हवे. ढकलण्याआधी एवढेच विचारायचे : हे ज्याने लिहिले, त्याच्या गावात याचा अर्थ काय होतो?